रिफ्लेक्टरवरचं कुंकू

सर, दसऱ्याच्या दिवशी त्या रिफ्लेक्टरला कुंकू तुम्ही लावलं होतं. मला ते माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तुम्हालाही माहीत होतं. तरी शेटच्या केबिनमध्ये तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. हे मला तुमच्या तोंडावर कधी बोलता आलं नाही. नंतर एकदा तुम्ही भेटलात तेव्हा तुम्हीच विषय काढाल म्हणून मी वाट बघत राहिले, आणि मग तुम्ही गेलातच. त्यालाही आता खूप वर्षं झाली. केबिनमध्ये तुमचं जे वय होतं त्याच्या जवळ मी येऊन पोहोचले आहे. म्हणून म्हटलं, आधी एवढं लिहून टाकावं. बाकीचं सावकाश लिहिते. घाई तुम्हाला नाही आणि मलाही नाही.

अंबरनाथच्या त्या तांत्रिक संस्थेत तुमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात आम्ही दोनच मुली होतो, आणि दुसरी दिवाळीनंतर लग्न होऊन गेली. माझे बाबा कारखान्यात कामगार, आमची खोली वस्तीत विहाराच्या मागच्या ओळीत. मुलीनं टायपिंग शिकावं, म्हणजे कुठेतरी ऑफिसात चिकटेल, असं सगळ्या वस्तीचं एकमत होतं. तुम्ही बाबांना बोलावून घेतलंत. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि तुमच्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसले. तुम्ही म्हणालात, "हिचा हात स्थिर आहे. सोल्डरिंग करताना हलत नाही. हिला टायपिंगला घालून वाया घालवू नका." बाबांनी ते वाक्य पुढे किती जणांना ऐकवलं असेल त्याची गणती नाही. पाहुणे आले की चहाच्या आधी ते वाक्य यायचं. आई म्हणायची, अहो, पोरीचा हात स्थिर आहे हे आता अख्ख्या अंबरनाथला कळलंय, बस करा. तुम्ही संस्था सोडून कंपनीत गेलात आणि वर्षभरानं मलाही तिथे बोलावून घेतलंत, तेव्हा बाबांनी तुमच्या घरी पेढे पोचवले होते.

कंपनी म्हणजे काय, दोन शेड आणि मागे पिंपांचं अंगण. शेट उल्हासनगरचे सिंधी. नखांचं पॉलिश काढायचं पाणी आपण भरत होतो, रिमूव्हर. बाजारात बायका ते कापसावर घेऊन नखांना लावतात, पण पिंपातून बाटलीत येईपर्यंत ते पेट्रोलचं सख्खं भावंड असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटते, दिसत नाही, आणि एक ठिणगी मिळाली की खोली राहत नाही. भरायच्या खोलीत काडेपेटी नाही, साधं बटण नाही, खिळे ठोकलेली चप्पल नाही. ज्यात करंट आहे ते सगळं जाड लोखंडी डब्यात, बोल्ट आवळून, नाहीतर भिंतीच्या बाहेर. हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. आठवडाभरात मी नायलॉनची ओढणी घेऊन आत गेले. तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात. "ती ओढणी अंगावर घासली की ठिणगी पडते. तू शोभेला आलीयस इथं? घरी जा, सुती घालून ये." मी रडत घरी गेले, आईची जुनी सुती साडी फाडून ओढणी केली आणि दुपारी परत आले. तुम्ही बघितलंत आणि तुमच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या पोळीवर वाढलीत. त्या ओरडण्याचा मला कधी राग आला नाही, सर. तेव्हा तुमचं बरोबर होतं.

मग शेटना नवी बाटली सुचली. जुनी बुटकी, पांढरट आणि जाड होती. बाटली आली की एक लोखंडी बोट तिला लागायचं, बोट मागे सरलं की वरची तोटी उघडायची. नवी उंच, कंबरेत बारीक आणि आरपार दिसणारी. "माल गुलाबी है, साईं, दिखना मंगता है," असं शेट म्हणाले, आणि धंद्याच्या बाजूनं खरंच होतं ते. पण लोखंडी बोट लागलं की ही बाटली आडवी पडायची. मुंबईचा एक विक्रेता प्रकाशावर चालणारा सेन्सर घेऊन आला. मध्ये काही आलं, उजेड अडला, की त्याला कळायचं. पुठ्ठ्याचा खोका त्याला कळला, तुमचा हात कळला. काचेची बाटली त्याच्यासमोरून गेली तर त्याला पत्ताच नाही, कारण उजेड तिच्यातून सरळ पार. शिवाय त्या डबीत करंट होता. विक्रेता म्हणाला, अहो, इतकासा करंट, काय होतंय? तुम्ही त्याला दरवाज्यापर्यंत सोडायला गेलात आणि परत येऊन मला म्हणालात, "इतकासा करंट म्हणणाऱ्या माणसाला आत घ्यायचं नाही. कधीच." ते वाक्य मी आजही वापरते.

तुमच्या बदलापूरच्या घराचं स्वयंपाकघर मला माझ्या घरापेक्षा जास्त आठवतं. रविवारची दुपार आहे, काकूंनी ओटा मोकळा करून दिलाय, खिडकीला चादर टांगलीय. ओट्याच्या एका टोकाला टॉर्च, दुसऱ्या टोकाला उजेड पडला की काटा हलवणारा मीटर, आणि मध्ये काकूंची खडीसाखरेची काचेची बरणी. खडीसाखर अर्थात आधीच आपण संपवलेली. बरणी ठेवली की काटा केसभर हलतो, काढली की परत. तुम्ही म्हणता, इतक्या फरकावर मशीन चालायचं नाही. मग तुम्ही समोर आरसा ठेवता, म्हणजे उजेड बरणीतून जाईल, आरशावर आपटून परत बरणीतूनच येईल, दोनदा मार खाईल. काटा आता दिसण्याइतका हलतो. पण आरसा जरा तिरका झाला की उजेड भलतीकडेच जातो. तेव्हा तुम्ही बाहेर जाऊन तुमच्या सायकलच्या पुढचा पांढरा रिफ्लेक्टर पान्यानं काढून आणता. तो तिरका असला तरी जिकडून उजेड येतो तिकडेच परत पाठवतो. बरणी ठेवली, काटा खाली. काढली, काटा वर. काकू दारातून म्हणतात, "झालं का तुमचं? मला कुकर लावायचाय." आणि तुम्ही त्यांना म्हणता, "अगं, आमच्या लेकीनं काच पकडली." आमच्या लेकीनं. मी तो शब्द घेऊन घरी गेले होते आणि आईला सांगितला होता.

करंट बाहेर ठेवायचा तर उजेड आत न्यायला काहीतरी हवं होतं. उल्हासनगरच्या भंगारबाजारात एका दुकानात दवाखान्यातलं मोडकं सामान यायचं, त्यात तुम्हाला पोटात उजेड सोडायच्या दुर्बिणीची काचतंतूंची दोरी मिळाली. दुकानदार तिला फॉरिनची माळ म्हणून विकत होता. तिचे दोन तुकडे करून आपण टोकं घासली, दिवसचे दिवस. एक दोरी उजेड आत नेणारी, एक परत आणणारी. दिवा, मीटर, तारा सगळं भिंतीबाहेरच्या डब्यात. आत फक्त काच आणि तिच्यातून गेलेला उजेड. ठिणगी पडायला काही नाहीच. बाहेरच्या डब्यावर एक बारीक स्क्रू, तो फिरवून ठरवायचं की उजेड किती कमी झाला म्हणजे बाटली आली समजायचं. जरा जास्त फिरला तर बाटली असून नसल्यासारखी, जरा कमी फिरला तर धुळीलाही बाटली समजणार. पहिल्या दिवशी एकही बाटली चुकली नाही तेव्हा तुम्ही मला एक बारीक स्क्रू ड्रायव्हर दिलात, पिवळ्या मुठीचा, घड्याळजीकडे असतो तसा. म्हणालात, "हा तुझा. या स्क्रूला दुसरा कोणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही." मला वाटलं मला पदक मिळालं. तो ड्रायव्हर एक दिवस माझ्याच गळ्याशी येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आता दसरा. कारखान्यातली यंत्रपूजा काय असते ते तुम्हाला सांगायला नको, दर वर्षी तुम्हीच करायचात. शेट सिंधी, पण पूजा मराठी पद्धतीनं आणि तुमच्या हातची हवी, असा त्यांचा हट्ट. झेंडूची तोरणं, प्रत्येक यंत्राला हळदकुंकू, पाटीवर स्वस्तिक, पेढे. भरायच्या खोलीपुरती एक रीत तुम्हीच पाडली होती. आतल्या पूजेत निरांजन न पेटवताच ओवाळायचं, पेटता दिवा फाटकाजवळ कलशाशेजारी ठेवायचा. मला ती रीत फार आवडायची. देवसुद्धा नियमात बसवला सरांनी, असं मी घरी सांगायचे. पूजा झाली की मुहूर्त म्हणून मशीन थोडा वेळ चालवायचं, चार बाटल्या शेटच्या हातात द्यायच्या आणि सुट्टी. मी त्या दिवशी कधीच नसायचे. दसऱ्याला आमच्या वस्तीत धम्मचक्र प्रवर्तनाचा कार्यक्रम असतो, पांढरे कपडे, विहारात वंदना, संध्याकाळी मिरवणूक. तुम्ही स्वतः म्हणायचात, जा तू, पूजेचं आम्ही बघतो. त्या वर्षीही आदल्या दिवशी संध्याकाळी मी काचेची टोकं पुसली, रिफ्लेक्टर पुसला, रिकाम्या बाटल्या घालून बघितलं, बाटल्यांमध्ये फट सोडून बघितलं, आणि घरी गेले.

पुढचं मला मावशींनी सांगितलं. मावशी म्हणजे बेल्टवर बाटल्या मांडणाऱ्या आपल्या शिरगावच्या मावशी. तुम्ही पूजा करत करत बेल्टपाशी आलात. मोटारीला लावलंत, तोटीला लावलंत, आणि मग त्या रिफ्लेक्टरपाशी थांबलात. गोल, चकचकीत, आपला दोघांचा. मला दिसतंय तुम्ही काय केलंत ते. पाण्यात बोट बुडवून, आधी हळद आणि वर कुंकू, अगदी मध्यावर, मुलाच्या कपाळाला लावावं तसं. प्रेमानंच लावलंत, मला त्यात शंका नाही. यंत्रांमध्ये जन्म घालवलेल्या माणसाचाच हात असा चुकतो. जे यंत्र लाडकं त्याला बोट लागतंच. पण त्या यंत्राचा सगळा जीव उजेडात होता. उजेड कमी झाला की ते म्हणणार, बाटली आली. कुंकवानं त्याचा उजेड कायमचा कमी करून टाकला.

मुहूर्ताला मशीन सुरू झालं. बेल्टवर बाटल्या थोड्याच, मध्ये मोठ्या फटी, आणि तोटी प्रत्येक फटीतही उघडायला लागली. शेटना हार घालणं चाललं होतं, फोटो काढणारा आला होता, कुणाचं लक्ष नाही. गुलाबी पाणी बेल्टवरून जमिनीवर, जमिनीवरून उंबऱ्याखालच्या नालीत, आणि नाली थेट फाटकाकडे जाते. सण म्हणून सगळ्या बायका नव्या चकचकीत नायलॉनच्या साड्यांमध्ये. मावशींना आधी वास आला. त्यांनी मशीन बंद करा म्हणून आरडाओरडा केला, फाटकाकडे पळत सुटल्या आणि पेटता दिवा नुसत्या तळव्यानं दाबून विझवला. वर कलशातलं पाणी ओतलं. क्षणभर सगळे त्यांच्यावरच तुटून पडले, दसऱ्याचा दिवा विझवला म्हणून. मला सांगताना त्यांच्या तळव्याला चिंधी बांधलेली होती. "मंग काय करू गो? देवाचा दिवा ऱ्हायला असता नि आमी समदी जलालो असतो. देवाला काय, दुसरा लावल कोन पन." आणि मग आवाज खाली आणून, "त्या चकतीला कुकू तुज्या सरानीच लावलाय. मी बगितलाय माज्या डोल्यानी."

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीचं कुलूप आपण दोघांनी उघडलं. वाफ जायला सगळी दारं उघडी टाकली होती. मी आधी डब्यावरचा स्क्रू बघितला, होता तिथेच होता. मग आत वाकून रिफ्लेक्टर बघितला. वाळलेलं कुंकू, खाली हळदीची कड, बोटाचा ठसा स्पष्ट. मी तो खोलून तळहातावर घेतला आणि तुमच्यासमोर धरला. तुम्ही बराच वेळ बघत होतात. तुमचा चेहरा उतरला होता आणि मला तुमची दया आली होती, हे खरं सांगते. तुम्ही म्हणालात, "धुऊन टाक. आधी मशीन चालू करून बघू. शेटना मी सांगतो." मी नळाखाली धुतला, सुती फडक्यानं पुसला, परत बसवला. मशीन पहिल्यासारखं चालायला लागलं. तुम्ही सांगताच म्हटल्यावर मला आणखी काय हवं होतं?

केबिनमध्ये शेट टेबलामागे, तुम्ही समोरच्या खुर्चीत, मी दाराजवळ उभी. शेट घाबरलेले होते आणि घाबरलेला माणूस आवाज चढवतो. "मास्टर, मेरेको सिर्फ एक बात बोलो. बाटली नव्हती तर माल कसा पडला? इन्स्पेक्टरला कळलं तर कल को ताला. किसकी गलती?" तुम्ही टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत होतात. मी तुमच्याकडे बघत होते. मला अजूनही वाटत होतं की आता बोलाल. चूक झाली, शेट, माझ्या हातून कुंकू लागलं. एवढंच. तुमचं वय, तुमचा मान, पूजेचं निमित्त, तुम्हाला कुणी काही केलं नसतं. तुम्ही म्हणालात, "सेटिंग तिचं असतं. स्क्रू ड्रायव्हर तिच्याकडेच असतो." मी म्हटलं, "सर..." आणि तुम्ही माझ्याकडे न बघता, अगदी मऊ आवाजात, जशी काही माझी बाजूच घेताय, म्हणालात, "त्या दिवशी यांचा कार्यक्रम असतो ना, शेट. मिरवणूक वगैरे. आदल्या दिवशी लक्ष नसेल. घाई झाली असेल पोरीची."

यांचा. चादर टांगलेल्या स्वयंपाकघरात मी आमची लेक होते. केबिनमध्ये मी यांची झाले. केसानं गळा कापणं म्हणतात ते मला तोवर नुसतं पुस्तकात वाचून माहीत होतं. शेट म्हणाले, "तो छोड़ दो इसको, साईं. मेरेको रोज का टेन्शन नहीं मंगता." तुम्ही मान हलवलीत. ती हो म्हणून हलवली की नुसतीच हलली ते मला आजवर कळलेलं नाही. दाराची कडी हातात येईपर्यंत मी तुमच्या एका शब्दाची वाट बघितली. मग तो पिवळा स्क्रू ड्रायव्हर तुमच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले. फाटकात मावशी उभ्या होत्या. "तू काय नाय बोललीस गो? मी सांगतंय शेटला, चल." मी त्यांना धरून ठेवलं. त्यांच्या घरात त्या एकट्याच कमावत्या होत्या, आणि त्यांचं कोण ऐकणार होतं? तुमच्या शब्दापुढे आमचे दोघींचे शब्द मिळून पासंगालाही पुरले नसते. पुरावा तर मी स्वतःच नळाखाली धुतला होता, तुमच्या सांगण्यावरून.

बाबांना मी सांगितलं की काम जमत नव्हतं म्हणून सोडलं. बाबा म्हणाले, "सरांना विचारलंस? सर काय म्हणाले?" मी म्हटलं, सरच म्हणाले सोड. त्या दिवसानंतर त्यांनी तुमचं ते वाक्य पाहुण्यांना ऐकवणं बंद केलं. मला नोकरी गेल्याचं दुःख झालं, पण त्याहून जास्त याचं झालं. आनंदनगरच्या एमआयडीसीत चार ठिकाणी गेले, सगळीकडे बातमी माझ्या आधी पोचलेली. तीच का ती, सेन्सरवाली, जिनं शेड उडवली असती? एकानं तर तोंडावर सांगितलं, बाई, तुम्ही सणाच्या आदल्या दिवशी कामाला येणार की नाही, ते आधी बोला. तुमचं वाक्य तुमच्यापेक्षा जास्त फिरत होतं, सर. कंट्रोल पॅनेल जुळवणाऱ्या एका छोट्या गाळ्यात तारा कापायचं काम मिळालं, आणि तिथून मी परत वर चढायला सुरुवात केली.

काही वर्षांनी तुम्ही बदलापूरच्या बाजारात भेटलात. हातात पिशवी, त्यातून शेवग्याच्या शेंगा बाहेर आलेल्या. तुम्ही थकलेले दिसलात. मला बघून तुमचा चेहरा खुलला, खरोखर खुलला, आणि तेच मला सहन झालं नाही. "बरं चाललंय ना? ऐकलं मी, स्वतःचा गाळा घेतलास. मी म्हटलंच होतं तुझ्या वडिलांना, हिचा हात स्थिर आहे." मी म्हटलं, हो सर. मग आपण दोघं भाजीवाल्यासमोर उभे राहिलो. आता, मी मनात म्हणत होते. आजूबाजूला शेट नाहीत, इन्स्पेक्टर नाही, नोकरी नाही. आता तरी सांगा. तुम्ही शेंगा पिशवीत नीट बसवल्यात, यंदा जांभळं लवकर आली म्हणालात, आणि निघालात. मी घरी येऊन दिवसभर माणसांशी भांडले. नवऱ्याशी भांडले, दूधवाल्याशी भांडले.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा बारावा होऊन गेला होता. मी काकूंना भेटायला गेले. त्याच स्वयंपाकघरात बसले, ओटा तोच, बरणी नवी. काकू म्हणाल्या, "तुझी फार आठवण काढायचे गं. शेवटी शेवटी तर रोज. ती काच पकडणारी पोरगी म्हणायचे." मी चहा पीत होते. आठवण काढायला काय लागतं, सर? आठवण काढणं फुकट असतं. एक शब्द काढला असतात तर? काकूंना काही माहीत नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, आणि नवरा जाऊन महिना न झालेल्या बाईला मी काय सांगणार? त्यांनी मला निघताना कुंकू लावायला करंडा पुढे केला आणि मग त्यांचाच हात थांबला, आपण विधवा झालो हे आठवून. मीच तो करंडा घेऊन माझ्या हातानं कपाळाला लावलं. आमच्यात त्याचं काही नाही, पण त्यांना बरं वाटावं म्हणून.

तुमच्या बाजूनं मी पुष्कळ वेळा विचार केला आहे. निवृत्ती जवळ आली होती. ठिणगीविरुद्ध जन्मभर ओरडलेल्या माणसाच्या हातूनच शेड जाता जाता वाचली, हे जगाला कळलं असतं तर तुमचं काय राहिलं असतं? पूजेत चूक झाली म्हटलं की शेट आधी अपशकुन म्हणाले असते. हे सगळं मी समजू शकते. समजून घेऊनही राग जात नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. तुम्ही भित्रे होतात आणि तुमच्या भित्रेपणाला लपायला तुम्ही माझी वस्ती वापरलीत, माझा सण वापरलात. नुसतं सेटिंग चुकलं म्हणाला असतात तर कदाचित मी केव्हाच विसरले असते. आता माझ्या गाळ्यातून जे यंत्र बाहेर पडतं त्यात मी एक अट घालतेच. बाटली दिसण्याइतकीच दोन बाटल्यांमधली फटही दिसली पाहिजे, फट दिसली नाही तर यंत्रानं आपणहून थांबायचं. मग कुणी कुंकू लावो की चिखल, थेंब खाली पडणार नाही. हे तेव्हाच सुचायला हवं होतं, तुम्हाला किंवा मला. आता तर अशा खोल्यांसाठी तपासून शिक्का मारलेले सेन्सर मिळतात, बटण दाबलं की आपली बाटली आपणच ओळखून घेतात. स्क्रूच नाही. त्यामुळे कुणाच्या हातात ड्रायव्हर आहे हा प्रश्नही येत नाही.

हे पत्र कुठे जाणार नाही. काकूही आता नाहीत, आणि तुमच्या मुलांच्या हाती हे पडावं अशी माझी इच्छा नाही. तुम्हाला मी माफ केलेलं नाही, तेही लिहून ठेवते, उगाच गैरसमज नको. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. माझ्याकडे शिकायला पोरं येतात, त्यांना मी ही सगळी हकीगत सांगते. आरपार बाटली, काचेच्या दोऱ्या, जमिनीवर वाहणारा माल, मावशींनी तळव्यानं विझवलेला दिवा. काच पकडायला मला कुणी शिकवलं तेही सांगते, तुमचं पूर्ण नाव घेऊन. गेल्या महिन्यात एका मुलीनं विचारलं, "पण मॅडम, तो रिफ्लेक्टर खराब केला कुणी?" सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. "काही कळलं नाही गं शेवटपर्यंत," मी म्हणाले. दर वर्षी कुणीतरी विचारतं, आणि दर वर्षी मी हेच म्हणते.